मेंगांच्या आजीचं गवत

आमच्या म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे लग्नानंतर आठवड्याभरात मला कळलं होतं. खरं बोलताना कुठे थांबायचं तेही त्याला कळत नाही, हे मात्र चव्वेचाळीस वर्षांनी, भर कोर्टात कळलं.

समोरच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, तुमच्या त्या बोरीच्या वावरात वरच्या टोकाला मेंग घराण्याचं एक थडगं आहे ना? त्याच्यावरचं गवत कोण कापतं हो?"

झालं! म्हातारा छाती काढून ताठ बसला. तासभर कुणी त्याला बरं काही विचारलं नव्हतं.

"मीच कापतो! आधी माझे वडील कापायचे, ते गेल्यावर मी. छुसोकच्या सणाला पितरांना ताट वाढायच्या आधी, दर वर्षी. एक साल चुकवलं नाही. एकदा गांधीलमाश्या चावून तोंड भोपळ्याएवढं झालं होतं, तरी दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेलं कापलं. त्या मोठ्या वादळात थडग्याची एक बाजू ढासळली, तेव्हा पाठीवरून माती वाहून नेऊन भरली."

"वा, वा. आणि दर वर्षी मेंगांना बोरांची पेटीही पाठवायचात?"

"पाठवायचो की! सोबत चिठ्ठीपण लिहायचो."

त्या वकिलाकडे चिठ्ठ्या होत्याच. एकेक वाचून दाखवली. 'आजींच्या थडग्याची काळजी नसावी, गवत कापले आहे. यंदा बोरे बरी आली. पेटी पाठवत आहे.' आमचा म्हातारा आपलंच अक्षर बघून खूश होऊन मान डोलावत होता. मी मागच्या बाकावर कपाळाला हात लावून बसले होते. आमची वकीलबाई सोक, पोरगीच आहे, पायात बूट खेळाडूसारखे, तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. तेव्हाच मी समजले.

निकाल महिन्याभरानं आला. त्यात लिहिलं होतं की, दुसऱ्याच्या घराण्याची थडगी सांभाळायची आणि त्या बदल्यात त्याची जमीन कसून खायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बे जोंगदल, म्हणजे आमचा म्हातारा, हा मेंगांच्या थडग्याचा राखणदार. बोरांची पेटी म्हणजे जमिनीचा खंड. वीस वर्षं मालक म्हणून वहिवाट केली तर जमीन आपली होते, पण राखणदारानं शंभर वर्षं कसली तरी तो राखणदारच. दावा फेटाळला.

"राखणदार," म्हातारा म्हणाला. कागद हातात धरून तो ओसरीवर बसला होता. "अगं हामयांगवाली, मी राखणदार?"

मला गावात सगळे हामयांगवालीच म्हणतात, माहेरच्या गावावरून. म्हातारासुद्धा. माझं खरं नाव त्याला आठवतं की नाही देव जाणे.

"मी सांगितलं होतं, विचारेल तेवढंच बोला," मी म्हणाले. "तर तुम्ही गांधीलमाश्यांपर्यंत गेलात! माश्यांची साक्षही काढायची होती, त्याही आल्या असत्या."

त्यानं कागद परत पहिल्यापासून वाचायला घेतला.

आता खरं काय ते सांगते. मी लग्न होऊन आले त्याला दोन वर्षं झाली होती. खालच्या आळीतल्या मेंग सांगचोलला पोरांना घेऊन पुसानला जायचं होतं, तिथे कारखान्यात काम मिळत होतं. माझ्या सासऱ्यांनी त्याला आमचा बैल दिला आणि त्यानं टेकडीवरचं तीनशे प्योंगांचं, म्हणजे जेमतेम पाव एकराचं वावर दिलं. कागद नाही, शिक्का नाही. दोघं ओसरीवर बसले, तांदळाची दारू प्यायले, सासरे म्हणाले 'झालं', मेंग म्हणाला 'झालं'. मीच त्यांना मुळ्याचं लोणचं वाढत होते. बैल बाजारात विकला आणि ते पुसानला गेले. सरकारी दप्तरी नाव मेंगांचं ते मेंगांचंच राहिलं. कुणाच्या बापाला ठाऊक होतं की पुढे असं होईल! हे सगळं मी पहिल्या कोर्टात सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, आणि निकालात काय, तर बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार.

जाताना मेंगची आई मात्र इथेच राहिली, म्हणजे मातीखाली. आदल्याच वर्षी वारली होती. वावराच्या वरच्या टोकाला तिचं थडगं. पहिली नऊ-दहा वर्षं मेंग सणाला आला. मग कारखान्यात सुटी मिळेना, मग पाय दुखायला लागले, मग तोच गेला. आणि इकडे गवत काही थांबत नाही. आमच्याकडे गवत माजलेलं थडगं बघितलं की लोक म्हणतात, निर्वंश झालं घर. सासरे म्हणाले, आपल्या बांधावर कुणाला निर्वंश म्हणू देणार नाही. म्हणून विळा लागला तो लागलाच.

ते वावर आधी नुसता खडक होता. आम्ही दोघांनी दगड वेचले, माझी दोन बाळंतपणं तिथल्या कामातच आली. आता सत्तेचाळीस बोरी आहेत. सबंध तालुक्यात सणासुदीच्या ताटात आमची सुकवलेली बोरं असतात. दुसरं आमच्याकडे आहे काय? घर, आणि परसात मिरच्यांचे दोन वाफे. म्हातारा बाहत्तरचा, मी सदुसष्टची. वावर गेलं तर आम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघणार, आणि त्याचं तोंड काही एवढं बघण्यासारखं नाही.

मेंगचा नातू सुंगजे सोलमध्ये राहतो. आजोबांच्या नावावर कुठे जमीन आहे का, ते त्यानं सरकारी कचेरीत शोधलं, तर हे वावर निघालं. त्याला तिथे उन्हावर वीज करायच्या काचा बसवणाऱ्यांना ते द्यायचं होतं. त्यानं आम्हाला जागा रिकामी करा म्हणून कळवलं, म्हणून तर हा दावा लावायची वेळ आली. आणि जिंकल्यावर ऑगस्टमध्ये त्याचं दुसरं पत्र आलं. यापुढे आमच्या जमिनीत पाय ठेवू नये, तुमचे आमचे काही संबंध राहिलेले नाहीत, छुसोकनंतर झाडं काढायला यंत्र येईल.

सोक वकीलबाई तिच्या छोट्या गाडीतून आली. अपिलाला निकाल हातात पडल्यापासून दोनच आठवडे असतात, अपील तिनं आधीच भरून टाकलं होतं. वरच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत झाडांना हात लावायचा नाही, असा हुकूमही आणला होता. गुणाची पोर. मी तिच्यापुढे गरम धिरडी ठेवली, कांद्याच्या पातीची. तीन खाल्ली.

"आजोबा, आजी, नीट ऐका," ती म्हणाली. "अपिलात एकच गोष्ट पटवायची आहे. आजोबा राखणदार नव्हते, मालक म्हणून कसत होते. तेव्हा यंदा त्या थडग्याला हात लावायचा नाही. एक काडी कापायची नाही. समोरचे लोक फोटो काढतील आणि म्हणतील, बघा, अजून राखण चालूच आहे."

"पण सण तोंडावर आलाय," म्हातारा म्हणाला.

"आजोबा!"

"गुडघ्याएवढं झालंय गं पोरी."

"कमरेएवढं होऊ दे!" मी ओरडले. "कोण लागते ती तुमची? तिच्या पणतवानं तुम्हाला लाथ मारून हाकललंय आणि तुम्ही त्याच्या पणजीची वेणीफणी करा!"

वकीलबाई गेल्यावर मी गवत कापायचं मशीन लोणच्याच्या रांजणांच्या खोलीत ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला बांधली. विळे पण मोजून आत टाकले. माझ्या म्हाताऱ्याला मी ओळखते.

त्याला चैन पडेना. सकाळी उठून ओसरीवरून टेकडीकडे बघायचा. जेवताना बघायचा. एकदा म्हणाला, "नुसतं हातानं उपटलं तर?" मी पळी उगारली. एकदा म्हणाला, "बकरी नेऊन बांधली तर? बकरी काही राखणदार नाही." मला हसू आलं, पण दाखवलं नाही. मग जेवण अर्धं टाकायला लागला. मी मनात म्हटलं, मरू दे, दोन महिने उपाशी राहिला तर काही बिघडत नाही, वावर तर राहील.

सणाला चार दिवस होते. म्हातारा दवाखान्यात गुडघा दाखवायला गेला होता आणि मी बोरं किती लाल झाली ते बघायला वर गेले. पलीकडच्या टेकडीवर शहरातून आलेली मंडळी आपापल्या थडग्यांवर मशीन चालवत होती, पोरं, सुना, डबे, सगळा गोतावळा. त्यातल्या दोन बायका पाणी मागायला आमच्या वावरातून आल्या. मेंगांच्या आजीकडे बघून एक दुसरीला म्हणाली, "अगंबाई, इथे कोणी उरलं नाही वाटतं."

दुसरी म्हणाली, "निर्वंश. बिचारी."

मी त्यांना पाणी दिलं. त्या गेल्या. मी बोरीखाली उभी राहिले. वाटलं, बरं झालं, सुंगजेला कोणीतरी जाऊन सांगा. मग गवताकडे बघितलं. खरंच कमरेएवढं झालं होतं, आणि त्यावर कुठल्याशा वेलानं पसरून मातीचा उंचवटाच गिळून टाकला होता. तिथे कुणी बाई झोपलीय हे सांगूनही पटलं नसतं.

आता हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. माझी आई हामयांगला आहे, डोंगरावर. एक भाऊ परदेशात गेला, एक देवाघरी. मी लेक, दिल्या घरची. तीस वर्षांत चारदा गेले असेन. दर खेपेला मनाची तयारी करून जाते की गवत माजलेलं असेल. आणि दर खेपेला कापलेलं असतं. कोण कापतं, मला माहीत नाही. विचारायलाही लाज वाटली.

मी घरी आले, कुलूप काढलं, विळा घेतला, डोक्याला पंचा बांधला आणि परत वर गेले. सगळा वेळ शिव्या देत होते. मेंगच्या आईला म्हणाले, "तुझ्यामुळे चाललंय हे सगळं. तुझ्या पणतवाला काही वळण लावलं नाहीस. सुनेनं लावलं नाही, त्याच्या आईनं लावलं नाही. आता मान वर कर, इकडची बाजू राहिलीय." दोन तास लागले. खालच्या रस्त्यावर एक तरुण माणूस गाडी थांबवून डोंगराचे फोटो काढत होता. शहरी माणसाला डोंगर दिसला की फोटो काढायचा असतो. मी त्याला हाक मारून ओंजळभर बोरं दिली. "खा रे बाबा, पोट भरून खा." तो जरा ओशाळला, पण घेतली.

संध्याकाळी म्हातारा आला, ओसरीवर बसला, टेकडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत येऊन जेवायला बसला आणि दोन वाट्या भात खाल्ला.

नोव्हेंबरात अपिलाची सुनावणी झाली. वर तीन न्यायाधीश. मधली बाई होती, केस पांढरे, चष्मा नाकावर. सुंगजे स्वतः आला होता. चाळिशीचा, अंगात चांगला कोट, चेहरा थेट आजोबांचा. ते बघून मला उगाच भरून आलं, मग स्वतःचाच राग आला.

त्यांचा वकील उठला आणि त्यानं मोठे मोठे फोटो काढून न्यायाधीशांसमोर ठेवले. "हे यंदाच्या छुसोकच्या चार दिवस आधीचे. बघा. खटला हरल्यावरसुद्धा या घराचं राखणदारीचं काम चालूच आहे. याहून मोठा पुरावा काय हवा?"

फोटोत पाठमोरी बाई, डोक्याला पंचा, हातात विळा. शेवटच्या फोटोत तर तीच बाई ओंजळ पुढे करून उभी!

सोक वकीलबाईनं वळून माझ्याकडे बघितलं. तशा नजरेनं माझ्या सासूनंसुद्धा माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आणि म्हातारा, तो माझ्याकडे बघून हळूच म्हणतो कसा, "कड चांगली साधलीस."

"माझी बोरं खाल्ली मेल्यानं!" मी उभीच राहिले. "बोरं खाऊन वर पुरावा?"

शिपाई म्हणाला, आजी, खाली बसा. मधली न्यायाधीश बाई म्हणाली, "राहू दे. फोटोत त्याच दिसतायत. त्यांना पुढे बोलवा."

मी शपथ घेतली.

"बाई, हे गवत तुम्ही कापलंत?"

"हो. मीच. म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. त्याला तर मी कुलूप लावून ठेवलं होतं. म्हणजे मशीनला."

"तुमच्या वकिलांनी कापू नका असं सांगितलं होतं का?"

मी सोक वकीलबाईकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. "सांगितलं होतं," मी म्हणाले. "तीन वेळा."

"मग का कापलंत?"

खरं सांगू? मी उत्तर ठरवलेलं नव्हतं. "न्यायाधीश बाई, माझी आई हामयांगच्या डोंगरावर आहे. तिच्यावरचं गवत कोणीतरी दर वर्षी कापतं. कोण ते मला ठाऊक नाही. तो काय माझ्या भावाचा राखणदार आहे? त्याला माझ्या भावानं जमीन दिलीय? त्याला कोणी काही दिलेलं नाही. साधं बरं झालं बाबा, असंसुद्धा कोणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही." माझा आवाज फुटायला लागला, म्हणून मी सुंगजेकडे वळून ओरडले. "याच्या पणजीला बायका निर्वंश म्हणाल्या! हा एवढा धडधाकट असताना! मला ऐकवलं नाही. तुम्ही राखणदार म्हणा, गडी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण वावर आमचं आहे. बैल दिलाय त्याचा. मुळ्याचं लोणचं मी वाढलंय!"

मला वाटलं, संपलं. बुडवलं मी. म्हाताऱ्यानं अर्धं बुडवलं होतं, उरलेलं मी.

तेवढ्यात सोक वकीलबाई उठली. छतावरून तिची नजर खाली आली होती आणि डोळे चमकत होते.

"मला एकच कागद दाखवायचा आहे," ती म्हणाली. "हे समोरच्यांचं ऑगस्टमधलं पत्र. जमिनीत पाय ठेवू नका, आपले काही संबंध राहिलेले नाहीत, झाडं काढणार. सही त्यांचीच आहे. आता त्यांचं म्हणणं असं, की गवत कापणं हा जमिनीचा मोबदला होता. मग सप्टेंबरमध्ये, जमीन काढून घेतल्यावर, ज्यांच्याशी भांडण चालू आहे त्यांच्या पणजीचं गवत या बाईंनी कशाच्या मोबदल्यात कापलं? राखणदारानं तर त्या दिवशी विळा फेकून दिला असता."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. फोटो पुन्हा हातात घेतला. मग सुंगजेला विचारलं, "तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होतात?"

तो उभा राहिला. त्याच्या वकिलानं त्याची बाही ओढली, तरी त्यानं सांगितलं. "सात वर्षांचा होतो. आजोबांच्या पाठीवर बसून गेलो होतो."

बाहेर आल्यावर म्हातारा पाणी प्यायला गेला. सुंगजे माझ्यापाशी आला. मला वाटलं आता भांडेल, मी पदर खोचलाच होता, म्हणजे आमच्याकडे पदर नसतो, पण तयारी तीच. तो कमरेपर्यंत वाकला आणि म्हणाला, "आजी, ते नक्की कुठे आहे? फोटोवरून कळलं नाही."

"टेकडीच्या टोकाला," मी म्हणाले. "शेवटच्या बोरीच्या डाव्या हाताला. आणि येशील तेव्हा जाड मोजे घाल, गांधीलमाश्या असतात."

निकाल जानेवारीत आला. लांबलचक होता. सोक वकीलबाईनं फोनवर वाचून दाखवला. कुणाच्या थडग्याची शेजारधर्मानं काळजी घेणं याचा अर्थ त्याची मालकी मान्य करणं असा होत नाही, बोरांची पेटी हीदेखील सणाची भेट, खंड नव्हे, आधीचा निकाल रद्द. म्हातारा म्हणाला, "परत वाच." तिनं परत वाचलं. तो म्हणाला, "अजून एकदा." मी फोन काढून घेतला, पोरीला दुसरी कामं असतील. समोरच्यांना अजून वरच्या कोर्टात जायला दोन आठवडे होते. आम्ही ते दिवस बोटांवर मोजले. सुंगजे गेला नाही.

फेब्रुवारीत, जुन्या पंचांगाच्या नव्या वर्षाच्या सणाला सकाळी म्हातारा तांदळाच्या दारूची बाटली आणि एक वाटी घेऊन वर गेला. मी मागून गेले, गुडघ्यानं दगा दिला तर धरायला कोणीतरी हवं. वावरात बोरी उघड्याबोडक्या उभ्या होत्या, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. त्यानं थडग्यासमोरचा बर्फ हातानं झाडला, वाटी भरली, दोनदा गुडघे टेकले.

"आजी," तो म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही तुमच्या जमिनीत राहत होतो म्हणे. आता कोर्टानं सांगितलं, तुम्ही आमच्या जमिनीत राहता. तेव्हा निवांत राहा."

बोलता बोलता त्याला रडू आलं. बाहत्तर वर्षांचा माणूस, लहान पोरासारखं नाक पुसत होता. मलाही आलं, पण मी दिलं नाही येऊ.

"निवांत राहा म्हणताय ते ठीक आहे," मी म्हणाले. "खंड मागू नका म्हणजे झालं."

तो हसला. मग वाटीतली उरलेली दारू त्यानं माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "घे, जोमरे."

माझं नाव जोमरे आहे. इतकी वर्षं त्याला आठवत होतं तर!